सटवाईचा रकाना

सावेडी, अहिल्यानगर
२७ जानेवारी २०२५

सौ. स्नेहल यांस,

पत्र टपालाने पाठवत आहे, कारण माझा फोन तुम्ही उचलत नाही. का उचलत नाही, हे विचारायला हे पत्र नाही. विषय फक्त कामाचा आहे.

तिसगावच्या तुमच्या संस्थेला ज्या न्यासाकडून बालआरोग्य आणि कुटुंब आधार या कामासाठी अनुदान मिळते, त्या न्यासाने यंदा पडताळणीसाठी मला नेमले होते. निवृत्तीनंतर अशी कामे मी घेतो. २१ तारखेला मी तिसगावात आलो. तुम्ही प्रशिक्षणासाठी नेवाशाला गेल्याचे कार्यालयातल्या बाईंनी सांगितले. तुमच्या हाताखालच्या अकरा घरभेट-ताईंपैकी चौघी हजर होत्या. वाड्यावस्त्यांवरच्या तान्ह्या बाळांची माता-बाल कार्डे त्यांनी घरोघरून गोळा करून टेबलावर ठेवली होती. एकूण चौऱ्याहत्तर.

मी जे पाहिले ते सांगतो. एक, चौऱ्याहत्तरपैकी अडुसष्ट कार्डांच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. दोन, जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांच्या वजनाचा रकाना एकूण एक कार्डात कोरा होता. यावरून मी अनुमान काढले की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमवून, वाण लुटता लुटता, ही सगळी कार्डे एका बैठकीत भरली आणि पहिल्या पाच दिवसांची वजने कोणी घेतलीच नव्हती, म्हणून तेवढा रकाना राहून गेला.

अहवालात मी 'नोंदी विश्वासार्ह नाहीत' असे लिहिले आहे. ११ मार्चला न्यासाच्या समितीची बैठक आहे. अहवाल मान्य झाला तर एप्रिलपासून अनुदान बंद होईल, म्हणजे घरभेटी बंद, अकरा ताईंचे मानधन बंद आणि अडल्या बाळाला दवाखान्यात न्यायला जी गाडी तुम्ही ठेवली आहे तीही बंद. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे असे वाटले. माझी एकतीस वर्षांची नोकरी तालुका आरोग्य कार्यालयात गेली. माझ्या एकाही शेऱ्यावर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही.

इतके कळवणे मला भाग होते.

अजिनाथ


सावेडी
९ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

बोट ठेवले. काल तुमच्या घरभेट-ताई साळूबाईने ठेवले, आणि तेही माझ्या घरात येऊन.

दुपारी बारा वाजता दारात एक साठीची बाई, खांद्याला वजनकाट्याची झोळी. म्हणाली, "अजिनाथ भाऊसाहेब तुमीच का? मंग मला बसा म्हनू नगा. मी उभ्यानंच बोलते." मी बसा म्हणालोही नव्हतो.

"हळदीकुकवाचा डाग म्हनं! आवो, तुमच्या घरात लेकरं झाली न्हाईत का? पाचवीला पाटा पूजला न्हाई का?"

मी काही बोलायच्या आत तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पूजला होता. दोनदा."

मग साळूबाईने मला पहिलीच्या पोराला समजवावे तसे समजावले. पाचवीच्या पूजेला पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाच्या नशिबाचे लिहून जाते, एवढे मला माहीत होते. तू त्या कोऱ्या कागदाच्या जागी माता-बाल कार्ड ठेवायला लावलेस, हे मला माहीत नव्हते.

"आदी त्या कार्डांची काय गत हुती सांगू? पोरांनी होड्या केल्या, म्हाताऱ्यांनी मिसरीच्या पुड्या बांदल्या. आता सटवाईच्या हाताचं हाय म्हनून टरंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ऱ्हातंय. दोन वर्सांत एक कार्ड हरवलं न्हाई, भाऊसाहेब. एक!"

मी म्हणालो, ते ठीक आहे, पण पहिल्या पाच दिवसांचा रकाना कोरा का?

तिने माझ्याकडे असे पाहिले की मला माझी सगळी कारकुनी आठवली. "सटवाईच्या आदी कागदावर कुनी लिवायचं? आन् तिनं लिवून झाल्यावर तिच्या वळीवर आमी कोन लिवनार?"

"म्हणजे वजने घेतलीच नाहीत ना?"

"घेतली की! रोजच्या रोज. दारामागं गेरूनं लिवल्यात. तुमी दारामागं बगितलं का?"

मी दारामागे बघितले नव्हते. टेबलावर आलेले कागद बघून मी दीडच्या गाडीने परत आलो होतो. तुझ्या आईने तिला बळेच जेवायला बसवले आणि मला वाढायला विसरली. मंगळवारी मी पुन्हा तिसगावला येत आहे. साळूबाई म्हणते, पायात चप्पल नको, बूट घाला, वस्त्या लांब आहेत.

अजिनाथ


सावेडी
१४ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

पाय सुजले आहेत, मिठाच्या पाण्यात सोडून हे लिहितो आहे. दोन दिवसांत एकतीस घरे पाहिली. तू दोन्ही दिवस 'दुसऱ्या वस्तीवर' होतीस. ठीक आहे.

एकतीसच्या एकतीस दारांमागे गेरूचे आकडे आहेत. आधी तारीख, पुढे वजन, त्याच्यापुढे ताईची खूण. साळूबाईची खूण काटा, बाकीच्यांची कोणाची पान, कोणाची टिकली. जन्मल्यावर बाळाचे वजन जरा उतरते आणि मग चढते, ते उतरणे-चढणे प्रत्येक दारामागे जसेच्या तसे आहे. घरी बसून आकडे बनवणारा माणूस हे असे बनवू शकत नाही. मी आयुष्यभर बनवलेले आकडे पाहिले आहेत, मला ते वासाने कळतात. हे खरे आहेत. इतकी स्वच्छ नोंद माझ्या सबंध नोकरीत एकाही कार्यालयात मी पाहिली नाही, आणि ही तर दारामागे लिहिलेली.

आकिबच्या घरी गेलो. टेम्पो चालवतो तो. दारात मला पाहून उठला नाही, तेव्हा मला जरा राग आला. मग दिसले की शालीखाली त्याच्या उघड्या छातीशी बाळ बांधलेले आहे. त्याची बायको तमन्ना टाक्यांमुळे अजून आडवी असते, म्हणून कमी वजनाच्या बाळाला लागणारी अंगाची ऊब दिवसाचे चार तास बाप देतो. मुलगी जन्मली तेव्हा एक किलो साडेसहाशे होती. मी गेलो त्या पस्तिसाव्या दिवशी दोन किलो दोनशे.

मी विचारले, लोक काही म्हणत नाहीत?

"हसत्यात की! हसू द्या. कांदं भरलं तर ताडपत्री घालून नेतो मी, ऊन लागू देत न्हाई. ह्ये तर माजं लेकरू हाय."

त्याची आई मलिका म्हणाली, "पयल्या दिवशी मीच म्हनले हुते, पोरगं काम सोडून कोंबडीवानी बसलंय म्हनून." तू त्याला व्याख्यान दिले नाहीस म्हणे. त्याचा हात धरून बाळाच्या तळपायावर ठेवलास आणि विचारलेस, "गार लागतोय का?" तो व्हय म्हणाला. "मग ऊब तुमच्याकडंच हाय," एवढेच म्हणालीस.

नवव्या दिवशी बाळाने दूध सोडले ती हकीकत मलिकानेच सांगितली. "आमच्यात बी सव्वा म्हैना पाळत्यात, साहेब. मी दारात आडवी झाले. म्हनले, सव्वा म्हैना लेकरानं उंबरा वलांडायचा न्हाई. ताई म्हनल्या, लेकरू न्हाई वलांडत, मी वलांडते त्याला घिऊन. दोष लागला तर मला लागू द्या. आन् निगाल्या की वो!"

पाणी मागून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. साळूबाई म्हणाली, ऊन लागलं असेल. फेब्रुवारीत कसले ऊन?

अहवाल दुरुस्त करून घेतो. काळजी करू नकोस.

अण्णा


सावेडी
२४ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

अहवाल दुरुस्त होत नाही.

न्यासाच्या कार्यालयात सहादेव नावाचा एक चुणचुणीत माणूस आहे. तो फोनवर म्हणाला, "सर, एकदा सही झालेला अहवाल मागे घेता येत नाही. तसं केलं तर उद्या प्रत्येक संस्था पडताळणी करणाऱ्याच्या घरी माणसं पाठवेल." साळूबाई माझ्या घरी येऊन जेवून गेलीच होती. मी विचारले, काहीच मार्ग नाही? तो म्हणाला, "पडताळणी करणाराच अपात्र ठरला तर अहवाल आपोआप रद्द होतो. म्हणजे लाच घेतली, किंवा संस्थेत त्याचं कोणी नात्यातलं असलं तर. पण तुम्ही तर 'नाते नाही' असं लिहून दिलंय."

हो, लिहून दिले आहे. आता खरे सांगतो. नेमणूक हातात आली तेव्हा अर्जावरचे अक्षर पाहूनच मी ओळखले होते. 'र'ची शेपटी तू अजून तशीच लांब ओढतेस, मी पट्टी मारूनही ती सुटली नाही. नातेवाईक आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिले आणि मला त्यात खोटे काही वाटले नाही. आठ वर्षे मी लोकांना तेच सांगत आलो होतो. शिकलेली मुलगी, बँकेतली नोकरी सोडून लोकांची पोरे तोलत हिंडते, असे मी चारचौघांत म्हणालो आहे. तुझ्या कानावर आले असेलच.

आणि त्याहून आधीचे.

तुझे बाळ माझ्या घरात होते. आठव्या महिन्यातले, एवढेसे. अठराव्या दिवशी संध्याकाळी त्याने दूध सोडले. तू म्हणालीस, अण्णा, रिक्षा बोलवा, दवाखान्यात जाऊ. ओंकारराव गावी होते, घरात कर्ता मी होतो. मी म्हणालो, सव्वा महिना झालेला नाही, उंबरा ओलांडायचा नाही, सकाळी बघू. आरोग्य खात्यात एकतीस वर्षे कारकुनी केलेला माणूस हे म्हणाला. तू दोनदा विचारलेस. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला.

सकाळ त्याच्या वाट्याला आलीच नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगितले की बाळ मुळातच अशक्त होते. डॉक्टरांनी तसे म्हटले नव्हते. मी म्हटले होते. मलिका दारात आडवी झाली ती माझ्या जागी उभी होती, स्नेहल. तिला तू बाजूला सारून गेलीस आणि मुलगी वाचली. मला तुझा अभिमान वाटतो हे लिहायला मला आठ वर्षे आणि एकतीस दारे लागली. लाजही वाटते. दोन्ही एकदम वाटते आणि कुठल्याच रकान्यात बसत नाही.

११ तारखेला बैठकीला मी जाणार आहे.

अण्णा


सावेडी
१५ मार्च २०२५

चि. स्नेहल,

बैठक झाली.

समितीत सात जण होते. माझा अहवाल वाचून दाखवला गेला. चांगला लिहिला होता, ऐकताना मलाच भीती वाटली. अध्यक्षबाई म्हणाल्या, स्पष्टच आहे, पुढचा विषय घ्या. मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली.

मी म्हणालो, हा अहवाल रद्द करावा लागेल. संस्थेच्या प्रमुख स्नेहलताई माझी मुलगी आहे आणि हे मी लपवले.

कोणीतरी म्हणाले, मुलीला वाचवायला आता हे सांगताय का? मी म्हणालो, मुलीला वाचवायचे असते तर अहवाल चांगला लिहिला असता. तो वाईट लिहिला, कारण माझा तिच्यावर राग होता, आणि राग होता कारण चूक माझी होती. एवढे बोलून मी गप्प बसायला हवे होते. पण मग मी सटवाईचे सांगितले, दारामागचे सांगितले. एक गृहस्थ हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सरकारने कार्डं छापली, आम्ही पैसे दिले, आणि ती सांभाळून ठेवायची युक्ती कोणालाच सुचली नव्हती." मग कागदावर काहीतरी लिहिले.

अहवाल रद्द झाला. माझे नाव न्यासाच्या यादीतून कायमचे काढले. 'माहिती दडवल्यामुळे' असा शेरा आहे, आणि तो बरोबर आहे. तुमच्याकडे आता राजनंदिनी नावाची तरुण डॉक्टर नव्याने पडताळणीला येईल. जिन्यात मला भेटली. ओळख काढून मी तुझी बाजू मांडू लागलो नाही, ते गैर झाले असते. ती स्वतःच म्हणाली, "काका, मी टेबलावर बसणार नाही. वस्तीवरच जाते."

निकाल काय लागेल मला ठाऊक नाही. माझ्यामुळे अकरा बायकांचे काम दीड महिना टांगणीला लागले आहे आणि एप्रिल उजाडला तर त्या बिनपगारी वस्त्या हिंडतील, हेही मला ठाऊक आहे. साळूबाई म्हणाली होती, "पैसं आलं न्हाईत म्हनून लेकरं जन्मायची थांबत्यात व्हय?"

तुझी आई रंगपंचमीला कानिफनाथांच्या दर्शनाला मढीला जायचे म्हणते आहे. दर वर्षी जाते आणि येताना तुझ्याकडच्या शेंगदाण्यांच्या पिशव्या आणते. मी इतकी वर्षे मढीला शेंगदाणे स्वस्त मिळतात असे समजत असल्याचे दाखवत आलो. या वेळी मी तिला बसस्थानकावर सोडायला जाणार आहे. पुढे येणार नाही. तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुझा,
अण्णा


तिसगाव
२४ एप्रिल २०२५

अण्णा,

पाचही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. चार वेळा ठरवलं.

तुम्ही जानेवारीत आलात तेव्हा मी नेवाशाला नव्हते. मागच्या खोलीत होते. पडताळणीला कोण येणार ते आम्हाला आधी कळतं. तुमचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता. मी बाहेर येऊन दारामागे बघा म्हणाले असते तर हे काहीच झालं नसतं. तेव्हा थोडी चूक माझीही लिहून ठेवते.

डॉ. राजनंदिनी तीन दिवस राहिल्या, साळूबाईंच्या घरी. परवा पत्र आलं. तीन वर्षांचं अनुदान मंजूर झालंय. ताईंचं एप्रिलचं मानधनही मिळणार आहे. साळूबाईंनी पेढे वाटले आणि तुमच्या वाटचे दोन वेगळे काढून स्वतःच खाल्ले. आकिबची मुलगी साडेतीन किलोच्या वर गेली. तो आता दुसऱ्या वस्त्यांवर जाऊन नव्या बापांना बाळ छातीशी कसं बांधायचं ते दाखवतो. टेम्पोची फेरी असेल तिथे जाता जाता, फुकट.

तुमच्या चौथ्या पत्राबद्दल. ते मी ओंकारना वाचायला दिलं. मी तुम्हाला माफ केलं का, हे मला माहीत नाही. खोटं लिहिणार नाही. पण त्या संध्याकाळचं कोणीतरी जसं घडलं तसं म्हणावं, एवढंच मला आठ वर्षं हवं होतं. आईसुद्धा म्हणत नव्हती.

आता कामाचं. डॉ. राजनंदिनींनी मला विचारलं, तुमच्या कामात अजून काय कमी पडतंय? मी म्हणाले, आया ऐकतात, सासवाही ऐकायला लागल्यात, बापही. घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. बाळाचं काही बिनसलं की "सकाळी बघू" हे दर घरात आजोबाच म्हणतात, आणि त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. म्हणून नव्या अनुदानात आम्ही आजोबांची बैठक घातली आहे. दर महिन्याला एक वस्ती.

पहिली बैठक पुढच्या बुधवारी आहे, ३० तारखेला, सकाळी दहाला. वीसेक जण येतील. मी बोलले तर ते माना डोलावतील आणि घरी जाऊन तेच करतील. त्यांना त्यांच्या वयाच्या माणसाने सांगायला हवं. जे तुम्ही चौथ्या पत्रात लिहिलंय तेच, तितकंच. सगळ्यांसमोर, माझ्यासमोर. तुम्हाला जमणार नसेल तर साळूबाईंना फोन करा, मला नको. आम्ही दुसरं काही बघू.

जमणार असेल तर साडेसातची पाथर्डी गाडी पकडा, फाट्यावर ओंकार घ्यायला येतील. बैठकीच्या कागदावर तुमच्या नावापुढे काय लिहायचं, असं साळूबाईंनी विचारलं होतं. निवृत्त मुख्य लिपिक लिहू का म्हणाल्या. मी म्हणाले, ते नको. 'कबीरचे आजोबा' असं लिहा.

तुम्ही त्याचं नाव कधी विचारलं नव्हतंत. बारसं सव्वा महिन्यानंतर ठरलं होतं, तोवर तो राहिला नाही, पण नाव मी ठेवलं होतं.

स्नेहल